श्रद्धा, शरम आणि गझलेतला ‘तो’

समलैंगिकतेविषयी तरुण मुस्लिमांना काय वाटते, असा प्रश्न विचारला की उत्तर बहुतेक वेळा धर्माच्या नावाने येते. ‘आमच्या धर्मात मनाई आहे’ एवढ्या एका वाक्यात उत्तर देणारा मोकळा होतो आणि प्रश्न विचारणाराही समाधानाने मान डोलावतो, कारण त्यालाही हेच अपेक्षित असते. आमचे मात्र एवढ्याने समाधान होत नाही. २००९ साली गॅलप या संस्थेने केलेल्या पाहणीत ब्रिटनमधील एकाही मुस्लिम उत्तरदात्याने समलिंगी संबंध नैतिकदृष्ट्या मान्य असल्याचे सांगितले नाही. त्याच पाहणीत फ्रान्समधील ३५ टक्के मुस्लिमांनी ते मान्य असल्याचे सांगितले. अमेरिकेत प्यू संशोधन केंद्राला समाजाने समलैंगिकता स्वीकारावी असे म्हणणारे मुस्लिम २००७ साली २७ टक्के आढळले, तर २०१७ साली ५२ टक्के. आणि तरुण पिढीत हे प्रमाण ६० टक्क्यांपर्यंत गेले होते. या दहा वर्षांत ग्रंथ बदलला नव्हता आणि नमाजही बदलली नव्हती. मग बदलले ते काय?

पाहण्यांच्या आकड्यांवर फार मोठा डोलारा उभारू नये हे आम्हांला मान्य आहे. पण त्यांच्यामुळे एक शंका बळावते. तरुण मनुष्य जिला ‘माझी श्रद्धा’ म्हणतो, तिच्यात धर्मग्रंथाबरोबरच शाळा, कायदा, घरातील लाजलज्जा आणि क्रमिक पुस्तकातील वेचे असे बरेच काही मिसळलेले असते, आणि हे मिश्रण केव्हा व कसे तयार झाले याला इतिहास असतो. भारतीय उपखंडापुरता हा इतिहास तपासायचा तर उर्दू कवितेइतका बोलका साक्षीदार दुसरा नाही. साहित्याच्या अभ्यासकांनी तो समाजशास्त्रज्ञांच्या हवाली करून मोकळे व्हावे, असे आम्हांला वाटत नाही.

प्रथम शास्त्राची बाजू स्पष्ट केली पाहिजे, कारण तिच्याविषयी दोन्हीकडून सोयीस्कर बोलले जाते. कुराणात लूत पैगंबरांच्या लोकांची कथा अनेक ठिकाणी आली आहे, आणि परंपरागत भाष्यकारांनी तिचा अर्थ पुरुषांमधील संभोगाचा निषेध असाच लावला. हे कृत्य पाप आहे याबद्दल सुन्नी पंथातील चारही विधिशाखांत मतभेद नाही. मतभेद आहे तो शिक्षेबद्दल. मालिकी शाखेने देहान्ताची शिक्षा सांगितली. इमाम अबू हनीफा यांनी मात्र हे कृत्य व्यभिचाराच्या व्याख्येत बसत नाही, म्हणून त्याला व्यभिचाराची ठरलेली शिक्षा, म्हणजे ‘हद’, लागू होत नाही, ते काझीच्या विवेकावर सोडावे, असा निर्णय दिला. त्यांच्या दोन प्रमुख शिष्यांना, अबू यूसुफ आणि मुहम्मद अश्शैबानी यांना, तो पटला नाही. भारतातील बहुसंख्य मुस्लिम हनफी आहेत (आपल्या कोकणातील मुस्लिम शाफई, हा एक महत्त्वाचा अपवाद). आम्हांला येथे एकाच गोष्टीकडे लक्ष वेधायचे आहे. या सगळ्या चर्चेचा विषय कृत्य हा आहे. एखाद्याचे सौंदर्य पाहून मन विकल होणे, त्याच्यासाठी झुरणे, त्याच्यावर कविता करणे यांवर फकीह मंडळी कधी भुवया उंचावत, अशा नजरेपासून सावध राहा असे बजावत. पण त्यावरून माणसाची एक वेगळी जातकुळी ठरवण्याची कल्पना त्यांच्याजवळ नव्हती. ‘समलिंगी’ हे ज्या अर्थाने आज एका माणसाचे नाव आहे, त्या अर्थाचा शब्दच त्या व्यवस्थेत नव्हता. अरब प्रदेशांच्या संदर्भात खालिद अल-रुवैहिब या इतिहासकाराने २००५ साली प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात हा भेद सविस्तर मांडला आहे.

हा भेद पुस्तकी नव्हता, माणसे तो जगत होती, याचे एक उत्तम उदाहरण बाबराच्या आत्मचरित्रात सापडते. बाबर सोळा-सतरा वर्षांचा असताना, म्हणजे १४९९-१५०० च्या सुमारास, छावणीच्या बाजारातील बाबुरी नावाच्या मुलावर त्याचे मन जडले. नुकतेच लग्न झाले होते, पण पत्नीकडे जायला तो इतका लाजे की आईला रागावून पाठवावे लागे. बाबुरी समोर आला तर त्याच्याकडे पाहण्याचेही धैर्य होत नसे. एकदा गल्लीत अचानक समोरासमोर गाठ पडली तेव्हा आपली कशी त्रेधा उडाली, पुढे अनवाणी आणि उघड्या डोक्याने गल्ल्यांतून व बागांतून आपण कसे भटकत राहिलो, हे त्याने प्रौढ वयात, राज्यकर्ता झाल्यावर, सविस्तर लिहून ठेवले. हाच बाबर लहानपणी निषिद्ध आणि शंकास्पद अन्न सोडले, चमचा, सुरी आणि दस्तरखान यांच्या बाबतीतही काळजी घेऊ लागलो, मध्यरात्रीची नमाज सहसा चुकवत नसे, असे अभिमानाने सांगतो. आणि हाच बाबर आपला चुलता सुलतान महमूद मिर्झा याच्याविषयी लिहिताना कठोर होतो. नमाज न चुकवणारा हा मिर्झा राज्यातील देखणी मुले उचलून आणून बाळगत असे, या दुर्व्यसनाचा त्याला मनस्वी तिटकारा आहे. आधुनिक वाचकाला ही विसंगती वाटते. बाबराला ती विसंगती वाटलेली दिसत नाही. एकीकडे झुरणे आहे, दुसरीकडे सत्तेच्या बळावर भोगणे आहे. श्रद्धाळू तरुणाच्या लाजेला पहिल्यात जागा होती.

आता दख्खनकडे वळू. सय्यद सिराजुद्दीन ऊर्फ सिराज औरंगाबादी हा अठराव्या शतकातील कवी (निधन १७६३-६४) मराठी वाचकाला सहसा त्याच्या एका सुप्रसिद्ध, पुष्कळ गायल्या गेलेल्या गझलेपुरता माहीत असतो. स्वतःविषयी त्याने लिहून ठेवले आहे की वयाच्या बाराव्या वर्षी त्याच्यावर एक उन्मादावस्था आली, आणि पुढची सात वर्षे तो खुलताबादला हजरत बुर्हानुद्दीन गरीब यांच्या दर्ग्याच्या परिसरात देहभान विसरून भटकत होता. पुढे त्याने एका चिश्ती गुरूचा अनुग्रह घेतला. हिजरी ११६० मध्ये, म्हणजे १७४७ साली, त्याने ‘बोस्ताने-खयाल’ ही मसनवी रचली. वर्षाचा आकडा साधावा म्हणून तिच्या द्विपदीही ११६० आहेत. एका तरुणावरील प्रेमाची आणि त्याच्या विरहाची ही कहाणी कवीने स्वतःची म्हणून सांगितली आहे. लौकिक प्रेम हा ईश्वरी प्रेमाकडे नेणारा पूल, ही सूफी धारणा तिच्या बुडाशी आहे.

येथे अभ्यासकांत दोन तट पडतात. एक म्हणतो, हे सारे रूपक आहे, तरुण म्हणजे परमेश्वर. दुसरा म्हणतो, हे सरळ समलिंगी प्रेम आहे, रूपकाचा बुरखा आहे. आम्हांला दोन्ही घाई वाटतात. पूल आहे म्हणून नदी नव्हती असे होत नाही. सिराजच्या काळातील श्रोत्याला दोन्ही अर्थ एकाच वेळी ऐकू येत असत आणि त्यांतला एक निवडण्याची सक्ती त्याच्यावर कोणी केली नव्हती. स्कॉट कुगल यांनी २०१६ साली सिराज आणि हैदराबादची माहलका बाई चंदा यांच्यावर लिहिलेल्या ग्रंथात या दुहेरीपणाचा चांगला विचार केला आहे. ज्या खुलताबादेत सिराज भटकला, तेथेच, रस्त्यापलीकडे हाकेच्या अंतरावर, औरंगजेबाची साधी कबर आहे. त्याच्या आज्ञेने सिद्ध झालेला हनफी निर्णयांचा संग्रह ‘फतावा-ए-आलमगिरी’ आणि सिराजची मसनवी ही एकाच समाजाची दोन पुस्तके. एकाच माणसाच्या घरात ती दोन्ही असू शकत होती.

सिराज एकटा नव्हता. दिल्लीच्या शाह मुबारक ‘आबरू’ याने (निधन १७३३) देखण्या तरुणाने कसे नटावे, कसे वागावे, याचा उपदेश करणारी मसनवी लिहिली. मीर तकी मीरच्या दीवानांत बाजारातील मुलांवरचे शेर जागोजागी आहेत. सआदत यार खान ‘रंगीन’ याने लोकप्रिय केलेल्या ‘रेख्ती’ या प्रकारात पुरुष कवी बायकी बोलीत बोलतो आणि तेथे स्त्रियांच्या परस्परप्रेमाचेही उल्लेख येतात. (पुरुषाने स्त्रीच्या तोंडून बोलणे आपल्याला नवे नाही, विरहिणी आणि गौळणी ऐकत वाढलेल्या मराठी कानाला त्यात वावगे वाटू नये. रेख्तीचा सूर मात्र भक्तीचा नाही, थट्टेचा आहे.) या काळाचे गोडवे गाण्याचाही मोह नको. कवितेतील ‘अमरद’, म्हणजे मिसरूड न फुटलेला मुलगा, पुष्कळदा वयाने, पैशाने आणि हुद्द्याने दुबळा असे. त्याला काय वाटत होते ते कोणी लिहून ठेवले नाही. रेख्तीतल्या बायकांचे बोलणेही पुरुषांनी रचलेले आहे. हे स्वातंत्र्याचे युग नव्हते. श्रद्धा आणि हे काव्य एकत्र नांदत होते, एवढेच आमचे म्हणणे आहे.

हे नांदणे मोडले एकोणिसाव्या शतकात, आणि दोन दिशांनी. पहिली दिशा कायद्याची. १८६० ची भारतीय दंड संहिता १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. तिच्या ३७७ व्या कलमाने ‘निसर्गक्रमाविरुद्ध’ संभोगाला जन्मठेपेपर्यंतची शिक्षा ठरवली. गंमत अशी की, त्याआधी दोनच वर्षे, १८५८ साली, खलीफा म्हणवणाऱ्या उस्मानी सुलतानाच्या राज्यात फ्रेंच नमुन्यावर जी दंडसंहिता आली, तिच्यात प्रौढांच्या संमतीने होणाऱ्या अशा संबंधांना गुन्हाच मानले नव्हते. ज्याला आज ‘इस्लामी कठोरपणा’ म्हटले जाते, त्याचा भारतातील कायदेशीर सांगाडा राणीच्या राज्यातला आहे. पण सगळे खापर इंग्रजांवर फोडून मोकळे होणे हेही आळशीपणाचे. दुसरी दिशा घरातूनच आली.

१८५७ च्या उठावानंतर दिल्ली उजाड झाली, आणि उत्तरेतील सुशिक्षित मुस्लिम समाजाने स्वतःला एक जिव्हारी लागणारा प्रश्न विचारला : आपण का हरलो? अलीगढच्या सर सय्यद अहमद खान यांच्या प्रेरणेने अल्ताफ हुसैन हाली (१८३७-१९१४) यांनी १८७९ साली आपला प्रसिद्ध ‘मुसद्दस’ लिहिला आणि इस्लामच्या भरती-ओहोटीची कथा सांगताना पराभवाच्या कारणांत आपल्या सडलेल्या कवितेलाही गोवले. हाली हे गालिबच्या सहवासात वाढलेले, स्वतः उत्तम गझलकार. लाहोरला सरकारी पुस्तक भांडारात इंग्रजीवरून झालेली उर्दू भाषांतरे तपासण्याचे काम त्यांनी केले होते, आणि तेथेच त्यांना इंग्रजांच्या काव्यविषयक कल्पनांची ओळख झाली. १८९३ साली आपल्या दीवानाला त्यांनी जी प्रस्तावना जोडली, तिच्यापासून उर्दूतील आधुनिक समीक्षा सुरू झाली असे मानतात. त्या प्रस्तावनेत गझलेविषयी त्यांची एक सूचना आहे : प्रेमपात्र पुरुष आहे की स्त्री, हे उघड करणारे शब्द होता होईल तो टाळावेत. पगडी, टोपी, गालावरची कोवळी लव नको. तसेच मेंदी, बांगड्या, वेणीही नको. पुरुषाने पुरुषावर प्रेम करण्याची रीत लाजिरवाणी, आणि स्त्रीचे वर्णन करावे तर तो घरंदाज पडद्याचा भंग. म्हणून प्रेमपात्राला देहच ठेवू नये, असा हा तोडगा होता.

या सूचनेवर आम्ही थोडे रेंगाळतो, कारण या विषयाची मेख तिच्यात आहे. हालींचा आक्षेप शास्त्राच्या भाषेत नाही. तो ‘शराफत’च्या, भल्या घरच्या सभ्यतेच्या भाषेत आहे. ही कविता वाचून आपली मुले बिघडतील, परके आपल्याला हसतील, ही त्यामागची धास्ती आहे. पाप हा शब्द मनुष्य आणि परमेश्वर यांच्यामधला असतो, आणि त्यावर पश्चात्तापाचा उपाय असतो. शरम ही पाहणाऱ्याच्या नजरेत असते. हालींच्या पिढीसमोर पाहणारा म्हणून विजेता उभा होता. आणि हे केवळ इंग्रजी शिकलेल्यांपुरते राहिले नाही. अलीगढचे वैचारिक विरोधक म्हणता येतील अशा देवबंदच्या परंपरेतील मौलाना अशरफ अली थानवी यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी मुलींसाठी ‘बिहिश्ती जेवर’ हा ग्रंथ लिहिला. तो पुढे लग्नात मुलीबरोबर दिला जाऊ लागला. मुलींनी वाचू नयेत अशा पुस्तकांच्या त्यातील यादीत गझलांचे दीवान आहेत. एरवी कशावरही एकमत नसलेल्या दोन पक्षांचे तरुणांच्या हाती दीवान पडू नये यावर असे एकमत झाले. त्यानंतरच्या मुस्लिम तरुणाला मशिदीतून आणि शाळेतून एकच गोष्ट ऐकू आली, आणि एकच गोष्ट दोन तोंडांनी ऐकली की ती सनातन वाटू लागते.

वर्गातही याचे पडसाद उमटले. उर्दू गझलेत प्रेमपात्रासाठी पुल्लिंगी क्रियापद का, या प्रश्नाचे ठरावीक उत्तर तयार झाले : तो स्त्रीवरचा अदबीचा पडदा आहे. काही ठिकाणी ते खरेही आहे. पण गालावरच्या लवेचे काय करायचे, हे या उत्तरात बसत नाही. फारसीत लिंगभेदच नसल्याने तेथे निभावून जाते. मराठीत मात्र पळवाट नाही. अनुवादकाला ‘तो आला’ किंवा ‘ती आली’ यांतले एक लिहावेच लागते, आणि आपल्याकडच्या गझलानुवादांत बहुधा ‘ती’च आली. हालींची सूचना न वाचताही आपण ती पाळली आहे.

अलीगढलाच शिक्षकी पेशाचे शिक्षण घेतलेल्या एका तरुण लेखिकेने ही गप्प बसण्याची रीत मोडली. इस्मत चुगताई यांची ‘लिहाफ’ ही कथा १९४२ साली लाहोरच्या ‘अदबे-लतीफ’ या मासिकात आली आणि तिच्यावर अश्लीलतेचा खटला झाला. बेगम आणि तिची मोलकरीण यांच्यातील संबंध एका लहान मुलीच्या नजरेतून दाखवणाऱ्या या कथेची चर्चा नेहमी रजईपाशी येऊन थांबते. आम्हांला कथेचा आरंभ अधिक बोचरा वाटतो. बेगमचे पती नवाबसाहेब धार्मिक आहेत, हाजी आहेत, दुसऱ्यांनाही हजला पाठवणारे आहेत, वेश्येचे त्यांनी कधी तोंड पाहिले नाही; त्यांचा छंद एवढाच की गोऱ्या, सडपातळ विद्यार्थ्यांना ते पदराचा खर्च करून पोसतात. लेखिकेने येथे धर्माची टवाळी केली, असे आम्हांला वाटत नाही. बाबराने आपल्या चुलत्याविषयी जे लिहिले, तेच हे आहे. फरक असा की, आता ते कोणी उघड बोलायचे नाही, असे सभ्य घरांनी ठरवले आहे. कथेत आक्षेपार्ह शब्द शोधूनही सापडेना, आणि खटला फसला. पुढे इस्मतआपांचे सारे आयुष्य मुंबईत गेले.

अलीगढचा आणखी एक धागा मराठीशी, आणि तोही मराठीच्या प्राध्यापकाशी, जोडलेला आहे. डॉ. श्रीनिवास रामचंद्र सिरस हे मूळ नागपूरकडचे. अलीगढ मुस्लिम विद्यापीठात ते मराठी शिकवत आणि आधुनिक भारतीय भाषा विभागाचे प्रमुख होते. त्यांच्या ‘पायाखालची हिरवळ’ या कवितासंग्रहाला २००२ साली महाराष्ट्र साहित्य परिषदेचा पुरस्कार मिळाला होता. फेब्रुवारी २०१० मध्ये काही जण कॅमेरा घेऊन त्यांच्या घरात घुसले, एका पुरुषाबरोबरचे त्यांचे चित्रीकरण केले, आणि विद्यापीठाने निलंबित केले ते सिरस यांना. दिल्ली उच्च न्यायालयाने २ जुलै २००९ रोजी ३७७ व्या कलमातून प्रौढांचे संमतीचे खासगी संबंध वगळले होते, म्हणजे त्या वेळी हा गुन्हाही उरला नव्हता. १ एप्रिल २०१० रोजी अलाहाबाद उच्च न्यायालयाने निलंबनाला स्थगिती दिली. ७ एप्रिलला सिरस त्यांच्या घरी मृतावस्थेत आढळले. विद्यापीठाच्या नावात ‘मुस्लिम’ हा शब्द असल्याने अनेकांनी या प्रकरणाचा दोष सरळ धर्माच्या माथी मारला. पण कारवाईची भाषा अनैतिक वर्तनाची, शिस्तीची, संस्थेच्या प्रतिष्ठेची होती. हीच भाषा देशातील कोणत्याही विद्यापीठाने वापरली असती. अबू हनीफा यांनी त्या चित्रफितीला पुरावा मानले असते का, आणि दुसऱ्याच्या घरात डोकावण्याची कुराणाने केलेली मनाई कोणाला आठवली का, हे प्रश्न मात्र त्या भाषेत बसत नव्हते. हालींच्या शरमेचेच हे नोकरशाहीतील रूप होते.

त्यानंतरचा कायदेशीर प्रवास सर्वांना ठाऊक आहे : ११ डिसेंबर २०१३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने दिल्लीचा निकाल फिरवला आणि ६ सप्टेंबर २०१८ रोजी पाच न्यायाधीशांच्या पीठाने तो फिरवलेला निकाल रद्द केला. ऑल इंडिया मुस्लिम पर्सनल लॉ बोर्ड पहिल्या खेपेस विरोधकांत होते. २०१८ मध्ये त्याने तो हिरीरीचा विरोध केला नाही. २०२३ मध्ये समलिंगी विवाहाच्या सुनावणीत मात्र जमियत उलमा-ए-हिंद विरोधात उभी राहिली. कृत्य, गुन्हा आणि विवाह यांना वेगवेगळी उत्तरे देण्याची जुनी फकीही सवय येथे पुन्हा डोके वर काढते असे कोणी म्हटले, तर आम्ही ते खोडून काढणार नाही.

आजच्या श्रद्धाळू तरुणापुढे निरनिराळ्या वाटा दिसतात. कोणी म्हणतो, मनातील ओढ हे पाप नाही, कृत्य पाप आहे. ओढ ही परीक्षा समजून मी निभावीन. कोणी कुगल यांच्या २०१० च्या ग्रंथातील मांडणी स्वीकारतो : लूत यांच्या लोकांचा अपराध पाहुण्यांवरील बळजबरी हा होता, प्रेम नव्हे. कोणी दोन्ही वाद बाजूला ठेवून धर्म सोडतो, आणि कोणी मुलगी घरी काहीच न बोलता रोजा ठेवते. यांपैकी पहिल्या वाटेला आपण पुरोगामी लोक चटकन ढोंग म्हणतो. परंतु ती हालींपेक्षा बाबराच्या जवळची आहे : तिच्यात निदान ओढीचे नाव घ्यायला मनाई नाही. त्या तरुणाला हे सहसा माहीत नसते, कारण ज्या पुस्तकांतून त्याला ते कळले असते, ती त्याच्या पणजीच्या लग्नातच यादीत घालून बाद केली गेली. लखनौचे इतिहासकार सलीम किदवई (१९५१-२०२१) यांनी रूथ वनिता यांच्यासह २००० साली भारतीय साहित्यातील समलिंगी प्रेमाचा जो मोठा संग्रह संपादित केला, त्यात आबरू, मीर आणि रेख्ती एका बांधणीत आले. उर्दू विभागांतून या संग्रहावर कविता शिकवली जाते की नाही याची चौकशी व्हावी तशी मराठी विभागांचीही व्हावी. सिरस यांचा संग्रह कोणत्या ग्रंथालयात आहे, येथून तिला आरंभ करता येईल.